भाड्याचं ऊन

सेलू तालुक्यातल्या आमच्या गावी मोठेबाबांच्या स्लॅबवर एक सोलर आहे. सोलर म्हणजे पाणी तापवायचा. २०१२ साली बसवला, शंभर लिटरचा, काचेच्या नळ्यांचा. तेव्हा केंद्र सरकारचं अनुदान होतं. ते वजा जाऊन पंधरा-सोळा हजार लागले, कापूस विकून आलेले. मी तेव्हा दहावीत होतो. पहिल्या हिवाळ्यात आम्ही सगळी भावंडं आळीपाळीने नळ सोडून हात भाजून घ्यायचो.

तिसऱ्या वर्षी वांदरांनी दोन नळ्या फोडल्या. दुकानदाराने "पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो" असं चार महिने सांगितलं, मग फोन उचलणं बंद केलं. नवीन नळ्या वर्ध्याहून आणून बसवल्या, तोवर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी उरलेल्या नळ्यांच्या बुडाशी पांढरा थर धरला होता. पाणी कोमट यायला लागलं, नंतर टाकीच गळायला लागली. आज त्या सांगाड्यावर मोठी आई मिरच्या वाळवते. खाली न्हाणीजवळच्या चुलीवर पूर्वीसारखाच पाण्याचा गुंड असतो आणि त्याखाली पऱ्हाटी जळत असते.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. शिक्षण इंजिनिअरिंगचं असल्यामुळे घरात काही बिघडलं की सगळे माझ्याकडे बघतात. या दिवाळीत गावी गेलो तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. बाळंतपण पौषात, म्हणजे ऐन थंडीत येणार. मोठी आई म्हणाली, "येवढा शिकला तू, तो सोलर काऊन नाई सुधरवत?" मी वर चढून पाहिलं. सुधारण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण एवढी साधी वस्तू, जिच्यात फिरणारा एकही भाग नाही, ती तीन वर्षांत का मेली, हा प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं उत्तर शोधताना मी बराच मागे गेलो.

उन्हाने पाणी तापवायची खटपट आपल्याकडे नवी नाही. १८७८ साली मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने उष्ण देशांमध्ये इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, असं सांगणारं एक पुस्तक लिहिलं. हा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. तो हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होता. कुलाब्यात आपल्या घराच्या आवारात त्याने सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, त्यांचा उजेड एका बॉयलरवर पाडला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. सौर चुलीवर त्याने सैनिकांचं जेवणही शिजवलं. लोक बघायला आले, कौतुक झालं. पण आरसे दिवसभर सूर्याकडे फिरवत ठेवायला माणूस लागतो. तो कोण आणि त्याला पगार कोण देणार, हे ठरलेलं नव्हतं. अ‍ॅडम्सचा प्रयोग पुस्तकात राहिला.

घरात शिरली ती याहून साधी वस्तू. १८९१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने एका पाणीतापकाचं पेटंट घेतलं. काळ्या रंगाच्या पत्र्याच्या टाक्या एका लाकडी खोक्यात ठेवायच्या आणि वर काच लावायची, एवढंच. नाव ठेवलं 'क्लायमॅक्स'. कॅलिफोर्नियात ती खोकी भराभर खपली. पॅसाडेना शहरात १८९७ पर्यंत जवळपास एकतृतीयांश घरांवर सौर पाणीतापक होते. तिथे इंधन महाग होतं आणि ऊन भरपूर होतं. खोक्यात एकच खोट होती. दिवसा तापलेलं पाणी रात्री त्याच काचेतून थंड व्हायचं. १९०९ साली विल्यम बेलीने तापवायची पेटी आणि साठवायची टाकी वेगळी केली आणि टाकीला उष्णता धरणारं जाड आवरण घातलं. सकाळीही पाणी गरम मिळू लागलं, म्हणून त्याच्या कंपनीचं नाव 'डे अँड नाइट'. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार पाणी खाली येतं, त्यामुळे पंप लागत नाही. मोठेबाबांच्या स्लॅबवरचा सोलर या बेलीच्याच कुळातला. पुढे कॅलिफोर्नियात नैसर्गिक वायू सापडला, तो स्वस्तात घरोघर पोचला आणि छपरावरची ही यंत्रं हळूहळू उतरली.

भारतात या विषयाचं गणित पक्कं करणाऱ्यांमध्ये रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेतले सी. एल. गुप्ता आणि एच. पी. गर्ग यांचं नाव घ्यावं लागतं. पंपाशिवाय चालणाऱ्या सौर पाणीतापकावरचा त्यांचा १९६८ चा निबंध जगभर वापरला गेला. पण मला जास्त आवडलं ते गर्ग यांचं पुढचं काम. जोधपूरच्या मरुक्षेत्र संशोधन संस्थेत त्यांनी पुन्हा केम्पच्या खोक्याकडे पाहिलं. टाकी आणि तापवायची पेटी एकच, नळ्यांचं जाळं नाही, उंच टाकी नाही. वर्षभर मोजमाप घेऊन १९७५ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. बेलीची सोय सोडून केम्पचा साधेपणा निवडला, कारण समोर पाहिजे होतं ते स्वस्त यंत्र. तरीही बाजारात पुढे आला तो दोन भागांचा, स्लॅबवर बसणारा, नळ जोडलेला सोलर. ज्यांच्याकडे स्लॅब होता, नळ होता आणि रोख पैसे होते, तेच त्याचे ग्राहक होते.

आता वर्ध्याकडे येतो. स्वस्त घरगुती तंत्र सामान्य माणसाच्या घरात कसं टिकवायचं, या प्रश्नावर आमच्या जिल्ह्याइतका घाम फार थोड्या ठिकाणी गाळला गेला असेल.

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपला बगीचा आणि बंगला दिला. गांधींनी त्याला मगनलाल गांधींच्या आठवणीने मगनवाडी असं नाव दिलं. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, मग कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. मगनवाडीत घाणी, कागद, मध, गूळ, चूल असल्या गोष्टींवर प्रयोग चालत. १९३८ च्या ३० डिसेंबरला गांधींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. शाळेच्या सहलीत आम्हाला तिथे नेलं होतं. तेव्हा मला ते जुन्या सामानाचं घर वाटलं होतं.

चाळीसच्या दशकात मगनवाडीतून एक चूल बाहेर पडली, मगन चूल. मातीची, दोन-तीन भांडी एकदम ठेवता येतील अशी, धूर बाहेर नेणाऱ्या धुराड्याची. कुठल्याही गावात कुठल्याही बाईला बांधता येईल अशी होती. किंमत जवळपास शून्य. म्हणजे परवडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. वीसेक वर्षांत देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या, बहुतेक अनुदानातून. २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम बंद केला. बसवलेल्या चुलींपैकी पुष्कळ तोवर वापरातून गेल्या होत्या. धुराडं काजळीने भरलं, मातीला भेग गेली, भांड्याचं तोंड बदललं, आणि दुरुस्त करायला पुन्हा कोणी आलं नाही. बसवलेल्या चुली मोजायला रकाना होता. पेटत्या राहिलेल्या चुलींची जबाबदारी मात्र कुणाच्याच अंगावर नव्हती.

मोठेबाबांच्या सोलरची गोष्ट हीच आहे. जानेवारी २०१० मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर तापक बसवायचं लक्ष्य होतं. लक्ष्य पुन्हा बसवण्याचंच. २०१४ मध्ये अनुदान थांबलं. शहरांमध्ये वेगळे उपाय झाले. पुणे महापालिकेने सोलर बसवणाऱ्याला मालमत्ता करात सूट दिली, कर्नाटकात वीजबिलात युनिटमागे पन्नास पैसे सवलत मिळायची. चांगलंच आहे. पण ज्याचं घर स्वतःचं, ज्याच्या नावावर कर आणि बिल येतं, त्यालाच ही सूट. भाडेकरूला नाही, कवेलूच्या घरात राहणाऱ्याला नाही, आणि मुळात वीस हजार एकदम काढू न शकणाऱ्याला तर नाहीच.

इथे मला आमच्या स्वयंपाकघरातल्या एका वस्तूचा विचार आला, जी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते आहे. गॅसची टाकी. ती आपली नसते. आपण अनामत भरतो, टाकी आणि रेग्युलेटर कंपनीच्याच मालकीचे राहतात. टाकीच्या मानेजवळच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं, उदाहरणार्थ 'ए-२६'. म्हणजे २०२६ च्या पहिल्या तिमाहीत त्या टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी. बी म्हणजे दुसरी तिमाही, तसं डीपर्यंत. आपल्या घरातल्या किती वस्तूंवर पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते? टाकीवर असते, कारण तिचा मालक तिच्या आयुष्याला बांधलेला आहे. मुंबईत १९५५ साली घरगुती गॅस विकायला सुरुवात झाली. लोकांना जर दाबाखालची लोखंडी टाकी विकत घ्यायला आणि स्वतः सांभाळायला सांगितलं असतं, तर गॅस चार बंगल्यांबाहेर गेला असता का? २०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनामतही माफ केली, तेव्हा टाकी गरिबाच्या घरी पोचली. तिथे अडलं ते टाकी भरून घेण्याच्या खर्चात. मोठ्या आईकडेही टाकी आहे. चहा आणि भाजी तिच्यावर होते, अंघोळीचं पाणी कधीच नाही. उन्हाचं तसं नाही, ते पुन्हा भरून आणावं लागत नाही.

टेलिफोनचं यंत्रही कितीतरी वर्षं खात्याचंच असायचं, आपण भाडं भरायचो. सोलरच्या बाबतीत कोणी असं केलं का? केलं. कॅलिफोर्नियातल्याच सँटा क्लारा शहराने १९७५ पासून नगरपालिकेच्या मालकीचे सौर तापक घरांवर बसवून दिले. रहिवाशाने सुरुवातीला बसवणीची थोडी रक्कम द्यायची, मग दरमहा शुल्क. यंत्र पालिकेचं, दुरुस्तीही पालिकेची. ज्या राज्यात केम्पची खोकी विकली गेली आणि नंतर उतरवली गेली, तिथेच सत्तर-ऐंशी वर्षांनी एका शहराला वाटलं की ही वस्तू विकण्यापेक्षा सांभाळून वापरायला द्यावी.

सँटा क्लारा लांब आहे आणि आमच्या ग्रामपंचायतीकडे दिवाबत्तीचेच पैसे पुरत नाहीत. पण भाड्याने देण्याची रीत आमच्या गावाला शिकवावी लागत नाही. बाबा सांगतात, गणपतीत सेलूहून व्हीसीआर आणि टीव्ही रात्रीच्या भाड्याने यायचा. आणि मोठ्या आईच्या बचत गटाकडे लग्नाची भांडी आहेत. गंज, पराती, झारे, सतरंज्या. कुणाकडे कार्य असलं की वही काढतात, मोजून देतात, मोजून घेतात. झारा हरवला तर दंड. पातेल्याला कल्हई लागली तर गटाच्या पैशातून. दहा-बारा वर्षं झाली, ती भांडी चकचकीत आहेत. त्याच काळात स्लॅबवरचा विकतचा सोलर मेला.

आता हिशेब. कुमारप्पा हिशेबनीस होते, तुरुंगात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या १९४५ च्या पुस्तकात त्यांनी कोळसा-तेलासारखा संपणारा साठा आणि नदीसारखा वाहता राहणारा ओघ यांत फरक केला आहे. मी त्यातला ओघाचा भाग उन्हाला लावून पाहिला. एक चौरस मीटरची केम्प-गर्ग पद्धतीची पेटी धरली, ऐंशी लिटर पाण्याची. हिवाळ्यात आमच्याकडे दक्षिणेकडे कललेल्या चौरस मीटरवर दिवसाला सुमारे पाच युनिट ऊन पडतं. त्यातलं पंचेचाळीस टक्के पाण्यात उतरलं तर सव्वादोन युनिट. तेवढ्यात ऐंशी लिटर पाणी वीस अंशांवरून चव्वेचाळीसपर्यंत जातं. चार जणांची अंघोळ. हीच उष्णता साध्या चुलीतून काढायची तर तिथे दहातला एक भागच पाण्याला लागतो. म्हणजे रोज पाच किलो पऱ्हाटी.

पेटीला दहा हजार खर्च धरला, आयुष्य आठ वर्षं, काच-रंग-गळती यांसाठी वर्षाला पाचशे. वर्षाचे साडेसतराशे होतात. आमच्याकडे मे महिन्यात पाणी तापवायचं नसतं, नळाचंच पाणी चटका देतं. वर्षातले सात महिने पेटी कुणाकडे तरी गेली तर महिन्याला अडीचशे रुपये भाडं पडतं. स्लॅबवर पक्का बसवलेला सोलर उन्हाळ्यात नुसता तापत पडतो. पेटी मात्र रिकामी करून दोन माणसं उचलून नेऊ शकतात. ती अंगणात जमिनीवर बसते, तिला उंच टाकी लागत नाही. वरून बादलीने गार पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर येतं.

हे सगळं मी लॅपटॉपवर मांडून गटाच्या बैठकीत नेलं. माझ्या मनात गिझरशी तुलना होती. बायकांनी ती पाच मिनिटांत मोडली. गिझर कुणाकडेच नाही. दोन घरी बादलीत टाकायचा रॉड आहे, आणि एकीला त्याचा झटका बसल्यापासून तोही माळ्यावर आहे. बाकी सगळ्यांकडे पऱ्हाटी. ती कापूस उपटल्यावर घरचीच येते. म्हणजे माझं अडीचशे रुपये भाडं शून्य रुपयांशी भांडत होतं. "सरपन फुकट असते रे बापा," एक काकू म्हणाली. मी गप्प झालो. चुलींच्या तीन कोटींच्या कार्यक्रमातला घोटाळा हाच असावा. वाचतं ते बाईचं डोळ्यांतलं पाणी आणि पहाटेचा तास, आणि त्याला घरात कुणी पैसे मोजत नाही.

मग आजी बोलली. तिच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची जुनी खूण आहे. बाबांच्या वेळी बाळंतीण असताना उकळता गुंड उतरवताना कलंडला होता. ती म्हणाली, "साऱ्याइले कायले देता? बाळंतिनीच्या घरी द्या."

तिथून बैठकीची दिशा बदलली. बाळंतिणीच्या घरी सव्वा महिना दिवसातून दोनदा भरपूर गरम पाणी लागतं, आई-बाळाचं न्हाणं ऊन तापल्यावर चाललं तरी हरकत नसते, आणि त्या काळात घर खर्चाला नाही म्हणत नाही. दुसरं नाव आलं कापूस वेचणाऱ्या बायांचं. त्या संध्याकाळी घरी येतात, अंग आंबलेलं असतं. पेटीतलं पाणी रात्री थंड होतं ही केम्पची खोट त्यांना लागूच नाही, त्यांना पाणी संध्याकाळीच पाहिजे. मी सकाळच्या अंघोळीचं गणित करत बसलो होतो, कारण मला सकाळी ऑफिसला जायचं असतं.

शंकाही निघाल्या. काच फुटली तर कुणी भरायचं? पोरांनी बॉल मारला तर दंड, वांदरांनी फोडली तर गट भरेल, असं ठरलं. वांदरांसाठी वर जाळी. ढगाळ दिवशी? त्या दिवशी चूल आहेच, भाडं कापायचं नाही. क्षार? टाकीला हात जाईल एवढं तोंड ठेवायचं आणि घरोघर फिरताना दर वेळी आतून खरवडून द्यायची, जशी पातेली घासून परत करतात. हा मुद्दा माझ्या कागदावर नव्हता. आणि तारीख, मी म्हणालो, टाकीवर असते तशी पेटीवर रंगवायची, पुढची तपासणी केव्हा ते.

देवळी तालुक्यात कवठा झोपडीला बचत गटांच्या बायांनी सौर पॅनेलचा कारखाना उभा केला आहे, आयआयटी मुंबईचं तांत्रिक साहाय्य घेऊन. तेव्हा बायांना हे जमेल का, असा प्रश्न आमच्या जिल्ह्यात तरी विचारू नये. प्रश्न एवढाच की वस्तू बसवून दिल्यावर तिच्याकडे परत कोण येणार. भाडं ही त्याची साधी खात्री आहे. महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायला येणाऱ्या बाईला गळती दिसतेच, आणि गळकी पेटी कुणी भाड्याने घेत नाही.

पहिली पेटी सेलूच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे टाकली आहे, पैसे सध्या माझे. चालली तर गट ते फेडणार, नाही चालली तर मोठ्या आईला मिरच्या वाळवायला दुसरी जागा मिळेल. भांड्यांच्या वहीत मागच्या बाजूने नवीन पान सुरू झालंय. 'गरम पान्याची पेटी, अनामत ५००', आणि खाली पहिलं नाव वहिनीचं, पौष महिन्यासाठी. मी म्हटलं, घरच्या माणसाकडून अनामत कशाला? मोठी आई म्हणाली, "घरचं म्हनूनच घ्या लागते. नाईतर कोनी सांभाळत नाई."